गाण्याची धास्ती कोणाला?

१८७६ चा मे महिना. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीतल्या एम्स गावी मुक्कामाला होता. औषधी झऱ्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथे त्यानं एका हुकमावर सही केली. युक्रेनी भाषेत पुस्तकं छापायची नाहीत, युक्रेनी नाटकं रंगमंचावर आणायची नाहीत, हे त्या हुकमात होतंच. शिवाय आणखी एक कलम होतं: स्वरलिपीखाली युक्रेनी शब्द छापायचे नाहीत. सूर छापा, शब्द गाळा.

लाखोंचं सैन्य पदरी असलेल्या बादशहानं शेतकऱ्यांच्या गाण्यांची एवढी धास्ती घेतली. दीडशे वर्षं होत आली, ती अजून ओसरलेली नाही.

युक्रेनच्या लोकप्रिय संगीताचा विषय निघाला की एक शहाजोग सल्ला हमखास कानावर येतो: कलेत राजकारण आणू नका. हा सल्ला ज्याचा गळा दाबला जातोय त्यालाच दिला जातो, दाबणाऱ्याला कोणी देत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. युक्रेनच्या गाण्यात राजकारण शिरलं ते गाण्याला घाबरणाऱ्यांमुळे, गाणाऱ्यांमुळे नव्हे. पुरावे एकामागून एक देतो.

पहिला पुरावा बहुतेकांच्या कानावरून गेलेला आहे. नाताळच्या दिवसांत एक चाल सगळीकडे वाजते. एवढासा तुकडा, पण घाईघाईनं पुन्हापुन्हा फिरत राहणारा. ‘होम अलोन’ सिनेमात तो आहे. इंग्रजी जग त्याला ‘कॅरल ऑफ द बेल्स’ म्हणतं. मुळात हे युक्रेनी ‘श्चेद्रिक’. मिकोला लेओन्तोविच या संगीतकारानं लोकगीतावरून ते समूहगानासाठी बांधलं आणि १९१६ साली कीव्हमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. मूळ गाण्यात नाताळच्या घंटा नाहीत. नव्या वर्षाच्या सुमाराला एक पाकोळी घरी येते आणि घरधन्याला सांगते, गोठ्यात जाऊन बघ, कोकरं झालीत. बस, एवढंच गाणं.

१९१९ मध्ये नव्यानं उभ्या राहिलेल्या युक्रेनच्या प्रजासत्ताकानं ओलेक्सांद्र कोशेत्स यांच्या गायकवृंदाला युरोपच्या दौऱ्यावर पाठवलं. आमचाही एक देश आहे, हे जगाला गाऊन सांगायला. वृंद १९२२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोचला, तोवर ते प्रजासत्ताक बोल्शेविकांनी गिळलं होतं. देश बुडाला, गाणं मात्र पोचलं. आणि लेओन्तोविच? जानेवारी १९२१ मध्ये ते वडिलांच्या घरी गेले होते. रात्रीच्या आसऱ्याला म्हणून आलेल्या, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसानं त्यांना गोळी घातली. वय ४३. कोकरांचं गाणं बांधणाऱ्या माणसानं कोणाचं काय घोडं मारलं होतं?

दुसरा पुरावा चेर्निव्हत्सीचा. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं डॉक्टरी शिकायला युक्रेनला जात, त्यामुळे हे नाव काही मराठी घरांना ठाऊक असेल. तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्यांची मोठी वर्दळ असे. त्याच गावात, डॉक्टरीच्याच शिक्षणात असलेल्या व्होलोदिमिर इवास्युक नावाच्या पोरानं १९६८ च्या सुमाराला, विशी गाठण्याआधी, ‘चेर्वोना रुता’ लिहिलं. शब्द त्याचे, चालही त्याचीच. १३ सप्टेंबर १९७० ला चेर्निव्हत्सीच्या नाट्यगृहासमोरच्या चौकातून दूरचित्रवाणीवर ते गाणं पहिल्यांदा लोकांसमोर आलं. इवास्युक स्वतः गात होता, सोबत गायला एक शिक्षिका होती. पुढच्या वर्षी कार्पेथियन डोंगरांतल्या यारेम्चे गावी याच नावाचा संगीतपट चित्रित झाला. त्यात सोफिया रोतारू झळकली. घरी युक्रेनी न बोलणारी, मोल्दोव्हन भाषेच्या कुटुंबातली मुलगी. तिच्या गळ्यातून युक्रेनी गाणं अख्ख्या सोव्हिएत संघात घुमलं.

गाण्यात काय आहे? प्रेयसी आहे, डोंगर आहेत, लोककथेतलं एक जादूचं फूल आहे. घोषणा एकही नाही. पण लोकांनी ते आपलं म्हणून उचललं, रशियनमध्ये न वळवता उचललं, आणि नेमकं हेच वरच्यांना खुपलं. २४ एप्रिल १९७९ ला इवास्युक ल्विव्हमधून बेपत्ता झाला. १८ मे रोजी शहराबाहेरच्या ब्र्युखोविची जंगलात त्याचा देह झाडाला लटकलेला सापडला. वय ३०. सरकारनं आत्महत्या म्हणून फाइल बंद केली. लोकांनी ते तेव्हाही मानलं नाही. २२ मेला अंत्ययात्रेत हजारोंची गर्दी लोटली, सोव्हिएत राजवटीत असा जमाव म्हणजे उघड बंडच. २०१९ मध्ये तज्ज्ञांचा अहवाल आला की कोणाच्या मदतीशिवाय त्याला असा गळफास घेता येणं शक्य नव्हतं. प्रेमगीत लिहिलं, एवढाच अपराध.

तिसरा पुरावा ताजा आहे. सप्टेंबर २०२२. रशियानं बळकावलेल्या क्रिमियातल्या बख्चिसराय गावी लग्नाची पार्टी होती. कोणीतरी ‘चेर्वोना कालिना’ हे जुनं युक्रेनी गाणं लावलं. वऱ्हाडी नाचले. व्हिडिओ बाहेर गेला. गाणं लावणारा डीजे कोठडीत गेला, आणखी काहींना दंड झाला. जगातल्या सर्वांत मोठ्या देशाचं पोलीसखातं लग्नातल्या नाचगाण्याच्या मागे लागलं. आता सांगा, राजकारण कोणी आणलं?

आणि हे झालं बंदुकीचं. बाजारानं केलेलं नुकसान याहून मुरलेलं. सोव्हिएत काळात युक्रेनी गाण्यावर सरसकट बंदी नव्हती. त्याला एक कोपरा नेमून दिला होता: भरतकामाचा सदरा, लाल बूट, रुंद सलवार, उड्या मारत नाच. सणासुदीला शोभेला ठेवायचं. प्रेम, विरह, शहर, रॉक, आधुनिक माणसाचं सगळं दुखणं-खुपणं मात्र रशियनमध्ये. अशी वाटणी दोन-तीन पिढ्या चालली की लोकांनाच वाटू लागतं, आपली भाषा गावाकडची, स्टेजवर शोभायची नाही. हुकमाची गरजच उरत नाही. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला तरी पैसा मॉस्कोच्या बाजारात होता, टीव्हीही तिथला बघितला जात होता. ‘व्हिया ग्रा’ हा मुलींचा गाजलेला गट कीव्हमध्ये जन्मला आणि गायला रशियनमध्ये. नफ्याचं गणित होतं ते. पण अशा गणितात एक भाषा हळूहळू वजा होत जाते.

तरीही काही जण हटले नाहीत. सप्टेंबर १९८९ मध्ये, सोव्हिएत संघ अजून उभा असताना, चेर्निव्हत्सीतच ‘चेर्वोना रुता’ नावाचा गीतमहोत्सव भरला. इवास्युकच्या गाण्याचंच नाव. अट एकच: गाणं युक्रेनीत हवं. रॉक चालेल, पॉप चालेल, जुन्या चालींवरचं चालेल, पण शब्द युक्रेनी. मिलिशियाच्या, म्हणजे सोव्हिएत पोलिसांच्या, डोळ्यांदेखत गर्दीत निळे-पिवळे झेंडे वर आले, ते तेव्हा बेकायदा होते. तिथून एक अख्खी पिढी निघाली. ‘ब्राती हाद्युकिनी’सारखा वात्रट, रांगडा, रस्त्यावरची भाषा बोलणारा रॉक लोकांनी डोक्यावर घेतला. शोभेच्या कोपऱ्यातून गाणं बाहेर पडलं ते असं.

१९९४ मध्ये ल्विव्हला ‘ओकेआन एल्झी’ उभा राहिला. गायक स्व्यातोस्लाव वाकारचुक हा सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा माणूस, त्यात पुढे त्यानं पदवीही घेतली. घोगरा, फाटता आवाज. त्याची बहुतेक गाणी प्रेमाची आणि एकटेपणाची. २१ जून २०१४ ला, क्रिमिया गेलेला, पूर्वेकडचा डोनबास पेटलेला, अशा वेळी कीव्हच्या ऑलिंपिक स्टेडियमवर बँडच्या विसाव्या वर्षाची मैफल झाली. सत्तर हजारांहून अधिक माणसं प्रेमगीतं एका सुरात गात होती. २०२२ मध्ये रशियानं हल्ला केला, खारकीव्हवर बॉम्ब पडू लागले तेव्हा लोकांनी मेट्रोच्या स्थानकांत आसरा घेतला. आपले भारतीय विद्यार्थीही सुरुवातीच्या दिवसांत तिथेच जीव मुठीत धरून होते. त्याच भुयारांत जाऊन वाकारचुक गायला.

आता रेडिओची गोष्ट. २०१६ मध्ये युक्रेननं कायदा केला: रेडिओवरच्या गाण्यांत युक्रेनी गाणी किमान २५ टक्के, वर्षानं ३०, आणखी वर्षानं ३५. रेडिओवाल्यांनी गळा काढला. एवढी गाणी आणायची कुठून? दर्जा घसरेल. श्रोते पळतील. ठरावीक रडगाणं. गाणी नव्हती, कारण ती वाजवायला कोणी तयार नव्हतं. वाजणार नाही ते गाणं करण्यात पैसे कोण घालणार? विहीर बुजवून पाणी नाही म्हणून ओरडण्यासारखंच हे.

कायदा आला आणि गाणी आली. काही वर्षांतच कित्येक केंद्रं नेमून दिलेल्या टक्क्यांच्या पुढे गेली. २०१८ मध्ये ‘काझ्का’ या गटाचं ‘प्लाकाला’ गाणी ओळखणाऱ्या शझाम ॲपच्या जागतिक यादीत पहिल्या दहांत गेलं. कीव्हजवळच्या बालवाडीत शिकवणारी एक बाई रॅप करू लागली: अल्योना अल्योना. अंगानं भरलेली, ट्रॅकसूट घालणारी, बोलण्यात धार. पॉपस्टार कसा दिसावा याचा साचाच तिनं मोडला. ‘गो-आ’ या गटानं पोलिसियाकडच्या वसंतविधींच्या गाण्यांना इलेक्ट्रॉनिक ठेका दिला. गायिका कातेरिना पाव्लेन्कोचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा मोकळा, धारदार, कंप न देता सरळ लावलेला. त्यांचं ‘शुम’ २०२१ मध्ये बिलबोर्डच्या जागतिक २०० च्या यादीत शिरलं. युक्रेनी भाषेतलं गाणं तिथे पहिल्यांदाच पोचत होतं. दर्जा घसरेल म्हणणारे तेव्हा कुठे होते?

युरोव्हिजनकडे येऊ. हा युरोपचा गाण्यांचा मोठा तमाशा, झगमगाटी कपडे, धुराचे लोट, आणि नियमावलीत एक कलम: राजकीय शब्द नकोत. युक्रेन २००३ मध्ये त्यात उतरला आणि दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये, रुस्लानानं इस्तंबूलला स्पर्धा जिंकली. सुरुवातीला त्रेम्बिता गरजल्या: हुत्सुल मेंढपाळांचे लाकडी कर्णे, माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी लांब. डोंगरातला साज तिनं शोभेला ठेवला नाही, त्याच्यावर थयथयाट केला. २०१३-१४ च्या कडाक्याच्या थंडीत हीच रुस्लाना कीव्हच्या मैदान चौकातल्या व्यासपीठावर रात्रीमागून रात्री उभी राहून सरकारविरोधी निदर्शकांना जागं ठेवत होती.

२०१६ मध्ये जमाला आली. क्रिमियन तातार घराण्यातली, जन्म किर्गिझस्तानातला. क्रिमियाच्या गायिकेचा जन्म किर्गिझस्तानात का? तेच तिच्या गाण्यात आहे. मे १९४४ मध्ये स्तालिननं दोन लाखांच्या आसपास तातारांना तीन दिवसांत मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवलं. जमालाची पणजी पाच लेकरं घेऊन त्या गाडीत होती. मुलगी वाटेतच गेली. ‘१९४४’ या गाण्यावर रशियातून आक्षेप आला, हे राजकारण आहे. आयोजकांनी निकाल दिला, नाही, हा इतिहास आहे. आयोजकांचं बरोबर होतं, पण मी पुढे जातो. पणजीच्या मांडीवर मेलेल्या पोरीचं गाणं ज्याला राजकारण वाटतं, त्यानं आधी स्वतःला विचारावं की त्या पोरीला मारलं कोणी. परीक्षकांच्या यादीत जमाला दुसरी, प्रेक्षकांच्या यादीतही दुसरी, बेरजेत पहिली: ५३४ गुण. २०२३ मध्ये रशियानं तिला ‘वाँटेड’ यादीत टाकलं. एका गायिकेला!

इथे युक्रेनलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर हा स्तंभ एकाक्ष ठरेल. २०१९ मध्ये युरोव्हिजनची देशांतर्गत निवडफेरी मारुव्ह या गायिकेनं जिंकली. निवडफेरीच्या थेट प्रक्षेपणात तिला क्रिमिया कोणाचा असं विचारलं गेलं, आणि विचारणारी परीक्षक होती जमाला. पुढे रशियातल्या मैफलींवरून करार फिसकटला, खालच्या क्रमांकांवरच्यांनीही नकार दिला आणि युक्रेन त्या वर्षी गेलाच नाही. २०२२ मध्ये अलिना पाश जिंकली, पण २०१५ मधल्या तिच्या क्रिमिया-प्रवासाच्या कागदपत्रांवरून गदारोळ झाला आणि तिनं माघार घेतली. जखम मला समजते. शत्रूच्या राजधानीत गल्ला जमवायचा आणि घरी येऊन झेंडा मिरवायचा, हे चालणार नाही, हेही समजतं. पण त्यासाठी नियम आधी लिहा, स्पष्ट लिहा. गाण्याच्या मंचावर उलटतपासणी घेऊ नका. घाबरट राज्याची ती सवय आहे, ती तुम्हाला लागली तर त्यांचं अर्धं काम तुम्हीच केलंत.

अलिनाच्या जागी ‘कलुश ऑर्केस्ट्रा’ गेला आणि तुरिनमध्ये जिंकला. ओलेह प्स्यूकची गुलाबी टोपी, रॅप, आणि मधूनच सोपिल्काची, म्हणजे त्यांच्या बासरीची, लकेर. ‘स्तेफानिया’ हे गाणं त्यानं आपल्या आईवर, हल्ल्याच्या आधी लिहिलेलं. परीक्षकांनी चौथं ठेवलं, प्रेक्षकांनी ४३९ गुण ओतले. लगेच कुजबुज सुरू झाली, सहानुभूतीची मतं. होतीच सहानुभूती! माणसं मरत असताना मतदारांनी दगड होऊन बसायचं होतं का? ते गाणं युद्धाचं नव्हतंच. ज्यांची आई गेली, घर गेलं अशा लाखोंनी त्याला आपलं गाणं केलं. नंतर या पोरांनी तो मानाचा चषक लिलावात काढला, ९ लाख डॉलर आले आणि ते सैन्याच्या ड्रोनसाठी दिले.

आणि ज्यांनी सूर सोडून बंदूक धरली ते? ‘बूमबॉक्स’चा आंद्री ख्लिव्हन्यूक हल्ला होताच अमेरिकेचा दौरा टाकून परतला. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीचा त्याचा व्हिडिओ जरूर बघा. कीव्हचा सोफिया चौक, मागे घंटाघर, एरवी माणसांनी फुललेली जागा ओस पडलेली. अंगावर लष्करी जाकीट, डोक्यावर बेसबॉलची टोपी, छातीशी रायफल. साथीला एकही वाद्य नाही. तो तेच ‘चेर्वोना कालिना’ गातो. १९१४ पासून सैनिकांच्या तोंडी असलेलं आणि सोव्हिएत राजवटीला कायम सललेलं गाणं. सुरुवात खर्जात, मग एकेक स्वर ताणत वर, आणि पडसाद रिकाम्या भिंतींवरून परत येतो. पिंक फ्लॉइडनं हाच आवाज उचलून एप्रिलमध्ये नवं गाणं काढलं, १९९४ नंतरचं त्यांचं पहिलंच. त्या बँडच्या गिल्मोरनं संपर्क साधला तेव्हा ख्लिव्हन्यूक तोफगोळ्याचा तुकडा लागून इस्पितळात होता.

‘अंतितिला’चा तारास तोपोल्या जखमी वाहून नेणाऱ्या पथकात गेला. कवी आणि रॉक गायक सेर्ही झादान २०२४ मध्ये नॅशनल गार्डमध्ये भरती झाला. पॅरिसच्या ऑपेरात गाणारा वासिल स्लिपाक २०१६ मध्ये डोनबासच्या आघाडीवर मारला गेला. खेर्सोनचा संगीत-संचालक युरी केर्पातेन्को यानं रशियन ताब्यातल्या शहरात रशियनांच्या जलशात वाद्यवृंद वाजवायला नकार दिला आणि २०२२ मध्ये त्याला घरात गोळी घातली गेली, असं युक्रेनच्या सांस्कृतिक मंत्रालयानं जगाला कळवलं. त्याचा नकार हेच त्याचं शेवटचं वादन.

या सगळ्यांना सलाम आहेच. पण सलाम ठोकून मोकळं होणं ही आपली सोय झाली. युक्रेनी गायक फक्त शहीद म्हणून, फक्त लढवय्या म्हणून आवडत असेल तर आपणही त्याला नव्या शोभेच्या कोपऱ्यात बसवतोय. आधी भरतकामाचा सदरा, आता लष्करी जाकीट. त्याचं गाणं ऐका. चाल पकडते का बघा. पाव्लेन्कोचा आवाज तुम्हाला खुर्चीतून उठवतो का बघा. नाही आवडलं तर बेधडक नाही म्हणा. कोणाची दया करून ऐकलेलं गाणं हा गाणाऱ्याचा अपमानच आहे.

२००७ मध्ये व्हेर्का सेर्द्यूच्का, म्हणजे आंद्री दानिल्को हा नट, चंदेरी पोशाखात, डोक्यावर भलामोठा तारा खोवून, बेताल शब्दांचं एक गाणं घेऊन हेलसिंकीला गेला आणि युरोपला नाचवत दुसरा आला. लोक आजही त्यावर नाचतात. मला ते गाणं युक्रेनच्या स्वातंत्र्याचा ‘१९४४’ इतकाच भक्कम दाखला वाटतं. गुलामाला रडायची मुभा असते, कधीकधी लढायचीही. निव्वळ मजेखातर, कोणालाही हिशेब न देता, आपल्या भाषेत वेडंवाकडं गायची मुभा फक्त स्वतंत्र माणसाला असते. युक्रेनच्या पोरांना उद्या सुमार प्रेमगीतं लिहिता यावीत, ती रेडिओवर वाजावीत, लोकांनी त्यांना नावं ठेवावीत, आणि लिहिणाऱ्याला संध्याकाळी सुखरूप घरी जाता यावं. युक्रेनचे लोक यासाठीच लढताहेत, आणि ही मागणी मान्य होईपर्यंत त्यांच्या बाजूनं बोलत राहणं ज्याला गाणं आवडतं अशा प्रत्येकाचं काम आहे.